मगरीचा विनोद कुणाचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून उत्तराला चार दिवस लावले.

तुमचं म्हणणं असं : बडोद्यातल्या ऑगस्ट २०२४ च्या पुरावर मी हसतखेळत लिहिलं, ही ज्यांची घरं-दुकानं बुडाली त्यांची थट्टा आहे. शिवाय 'अपेक्षा सोडली की दुःख हलकं होतं' असं लोकांना सांगायचं आणि आईच्या भिजलेल्या शालूसाठी स्वतः हळहळायचं, हा दुटप्पीपणा. वर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६२ वा श्लोक.

श्लोकातली साखळी मान्य : विषयांच्या चिंतनातून संग (आसक्ती), संगातून काम (इच्छा), कामातून क्रोध. पण आमच्या घरात क्रोध कशातून आला ते सांगतो. आईचा शालूवर जीव, ही माया. 'विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या अकोटा भागात आमच्या ओट्याला लागतं, आत येत नाही', ही अपेक्षा. धोक्याची खूण २५ फुटांची, पाणी गेलं ३५ च्याही वर. बुडालं दोन्ही. शालूचं रडणं एका दुपारीत झालं. 'असं झालंच कसं, आधी कुणी सांगितलं का नाही' हे मात्र आम्ही आठवडाभर घोकत होतो. (घोकण्यात मी पहिला.)

त्यातच समोरच्या कंपाउंडात मगर दिसली. वरच्या गॅलरीतून आई म्हणाली, "गणपती यायला अजून दहा दिवस, पाहुणे मात्र आजच हजर!" खाली तिचं कपाट पाण्यातच होतं. हसून त्यातलं काही वाचलं नाही. फक्त 'असं व्हायलाच नको होतं' हा हेका तेवढ्यापुरता सुटला. शालूवरचा जीव नाही सुटला, आणि तो सुटावा असं मला वाटतही नाही. तुमच्या-माझ्यात खरा मतभेद असेल तर तो इथे आहे.

थट्टेचा मुद्दा मात्र बोचला. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या विनोदावरच्या १९२७ सालच्या निबंधात एक कैदी आहे. सोमवारी फासावर नेताना तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! कैदी म्हणाला म्हणून आपण हसतो. हेच जेलर म्हणाला असता तर?

माझ्या लेखात जेलरही होता. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची साखरेची पोती विरघळली, त्यावर 'नदी गोड झाली' असं मी लिहिलं. नुकसान त्याचं, कोटी माझी. त्यानं स्वतः हसत सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. तो तर माझ्यासमोर गप्प उभा होता. ते वाक्य आजच काढलं.

आईचं वाक्य ठेवतोय. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली, ठेवू का विचारलं. म्हणाली, "ठेव की. पण मगर मी चष्म्याशिवाय ओळखली, तेही लिही."