थंडीत गाडीचा एसी बंद ठेवला की कॉम्प्रेसर टिकतो? नाही हो!

"थंडीचे चार महिने एसी लावू नका, कॉम्प्रेसरला आराम मिळतो" हा मेसेज परत फिरतोय, तो चुकीचा आहे. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅससोबतच फिरतं, त्यामुळे एसी महिनोन्महिने बंद राहिला की शाफ्टचं (कॉम्प्रेसरच्या फिरणाऱ्या दांड्याचं) सील कोरडं पडतं आणि तिथूनच गॅस हळूहळू निघून जातो. महिन्यातून दोनदा १० मिनिटं एसी चालवा, बस.

त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की कॉम्प्रेसर जाम झाला तर नुसता नवा बसवा, बाकी खर्च फालतू, आणि हे तर फारच महागात पडतं. माझ्या गाडीचा जुना काढला तेव्हा पाइपातून काळं ऑइल आलं, दोन बोटांत चोळलं तर धातूची कचकच लागली. ती आत राहिली तर नवा कॉम्प्रेसरही तसाच जाणार, म्हणून लाइन फ्लश करा म्हणजे आतून धुऊन घ्या, रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदला, व्हॅक्यूम करून म्हणजे आतली हवा ओढून काढूनच आर-१३४ए किंवा गाडीला जो लागतो तो गॅस भरा. हल्लीच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून (गॅस थंड करणाऱ्या जाळीतून) कचरा फ्लशनेही नीट निघत नाही, तो बहुतेक वेळा बदलावाच लागतो. आणि हो, ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेलंच टाका, इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरवाल्या गाडीत तर चुकूनही दुसरं टाकू देऊ नका.