एक्स-रे चांगला आला म्हणून हाड चांगलं आहे असं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "हाडात पू असेल तर एक्स-रेत दिसतोच. नाही दिसला तर मुका मार समजा, तेल लावून चोळा. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही. जखम सुकली की गोळ्या बंद करा."

मी बेळगावात एक्स-रे काढतो, म्हणून पहिल्या वाक्यावर मला बोललंच पाहिजे. हाडाला जंतूंनी धरलं तरी पहिले १० ते १४ दिवस साध्या एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. हाडातलं कॅल्शियम बरंच कमी झाल्यावरच फिल्मवर फरक उमटतो.

खानापूरकडचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा. खेळताना पडलेला, बापाच्या पाठीवर बसून आला. गुडघ्याखाली नडगी सुजलेली, हळद-तेलानं चकचकीत. पाय जमिनीला टेकवेना. फिल्म स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, पण 'एक्स-रे चांगला आहे' एवढंच ऐकून घरची माणसं त्याला घेऊन गेली. तीन आठवड्यांनी तो पुन्हा माझ्या टेबलावर आला, तेव्हा हाडाच्या कडेला एक जादा पातळ रेघ होती आणि आत वाळवीनं पोखरल्यासारखे डाग.

पडल्यावर बहुतेक वेळा मुका मारच असतो, हे खरं. पण तो दोन-चार दिवसांत उतरायला लागतो. बोट ठेवून दाखवता येईल असा एकाच जागचा ठणका वाढत चालला, जागा गरम लागली, मूल पाय टेकेना किंवा तान्हं बाळ एक हात हलवेना, तर चोळत बसू नका. रक्तात सीआरपी, ईएसआर (अंगात सूज-इन्फेक्शन आहे का ते दाखवणाऱ्या तपासण्या) आणि कल्चर (कोणता जंतू वाढतो ते) पाहतात. लवकर दिसतं ते एमआरआयमध्ये. वर जखम नसली तरी जंतू रक्तातून हाडात जातो. बहुतेकदा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो, आपल्या नाकात आणि कातडीवरही सापडणारा.

तापाचं म्हणाल तर शुगरवाल्यांच्या बाबतीत हा मेसेज सगळ्यात घातक आहे. पायाची जाणीवच गेलेली असते. उसाच्या फडात तळव्याला लागलेलं कळत नाही, मग ठणका नाही, तापही नाही. जखम भरत नसेल तर डॉक्टर बोथट सळई आत घालून कडक हाड लागतं का ते पाहतात. हे घरी करायचं नाही. मणक्याचा टीबीसुद्धा असाच, महिनोन्‌महिने कंबरेला पट्टा बांधून ओढला जातो.

राहिल्या गोळ्या. मोठ्या माणसांना साधारण सहा आठवडे औषध लागतं, मुलांना बऱ्याचदा त्याहून कमी. पण ते डॉक्टर ठरवतात, वरची खपली नाही. मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. तो तुकडा ऑपरेशन करून काढावा लागतो, नाहीतर सुकलेल्या जागेतून महिन्यांनी पुन्हा पू येतो.

त्या मुलाचंही ऑपरेशन झालं. नंतर त्याची आज्जी मला विचारायला आली, "आता सुकलंय की रे बाळा, गोळ्या थांबवू काय?"

मी म्हटलं, "नको आज्जी. डॉक्टर सांगेपर्यंत एकसुद्धा चुकवू नका."