घरी सांगून आलायस का?

सायकलवरून कामाला जायचं ठरवलंत? अभिनंदन. पेट्रोल वाचेल, पोट थोडं आत जाईल, आणि आठवड्यातून किमान एकदा कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या घरच्यांची आठवण काढेल. ‘घरी सांगून आलायस का?’ मला परवाच विचारलं. विचारणारा बसच्या उंच सीटवर. मी खाली, एक पाय कठड्यावर टेकवलेला आणि हँडल त्याच्या पत्र्यापासून वीतभर. उत्तर तेव्हा सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी घरी पोचून हात-पाय धुताना सुचतात.) तर पोटासाठी गाडी चालवणाऱ्या मंडळींशी कसं वागावं, याच्या काही सूचना नवख्या सायकलवाल्यांसाठी लिहून ठेवतो. माझ्या उपयोगी पडल्या नाहीत, तुमच्या पडतील.

पहिली सूचना : घरी सांगून निघत जा. विचारतात हो.

दुसरी, कडेने चला. अजून कडेने. गटाराच्या जाळ्या, फुटक्या काचा, वाळू आणि गेल्या वर्षी खणून अर्धवट बुजवलेला चर, हे सगळं तुमचंच आहे, कुणी मागायला येणार नाही. तिथेच टॅक्सीही उभी राहते. टॅक्सीचं दार हा आपल्या आयुष्यातला एक आकस्मिक योग असतो. आतल्या माणसाचे पैसे देऊन झालेले असतात, त्याला उशीर झालेला असतो, आणि दार ढकललं की ते उघडतं एवढंच त्याला ठाऊक असतं. यावर एक साधा उपाय आहे, त्याला ‘डच रीच’ म्हणतात. दाराजवळच्या हाताने नाही, पलीकडच्या हाताने दार उघडायचं. तसं केलं की अंग आपसूक वळतं आणि नजर मागे जाते. ब्रिटनने 2022 मध्ये हे आपल्या हायवे कोडमध्येसुद्धा घातलं. पण आपण टॅक्सीवाल्याला ‘प्रवाशाला जरा मागे बघायला सांगा’ असं म्हणू नये. त्याचं काम गाडी चालवणं. दार हे वेगळं खातं आहे.

रात्री दिवा लावू नका. सेल वाचतात.

कानात गाणी लावा, म्हणजे शिव्या ऐकू येत नाहीत. हॉर्नही येत नाहीत, पण सगळंच कसं मिळेल?

अंतर मोजत बसू नका. जर्मनीत 2020 पासून नियमात आकडाच आहे : सायकलवाल्याला ओलांडताना वस्तीत दीड मीटर, वस्तीबाहेर दोन मीटर जागा सोडायची. ब्रिटिशांनी ताशी 30 मैलांपर्यंत दीड मीटर म्हटलंय, वेग वाढला की आणखी. या लोकांकडे वेळ बराच दिसतो. आपल्या अनुभवी चालकाला टेप लागत नाही. आरसा तुमच्या कोपराला घासला नाही, म्हणजे अंतर पुरेसं होतं. घासला, म्हणजे तुम्ही डुलत होतात. आता सायकल डुलतेच, दोन चाकांवर तोल तसाच धरतात. पुढे खड्डा आला की ती बाजूलाही होते. आणि मोठा ट्रक शेजारून गेला की वारा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. ती जागा त्यासाठीच असते. पण हे भौतिकशास्त्र तुम्ही कुणाला सांगणार? तोवर तो पुढच्या चौकात पोचलेला असतो.

सिग्नलला उभा ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये फट दिसली की लगेच घुसा. ती खास तुमच्यासाठीच ठेवलेली असते. ट्रक वळायला लागला की पुढची चाकं मोठा वळसा घेतात आणि मागची आतून, कठड्याच्या जवळून, आखूड वाटेने येतात. त्या वाटेवर कोण उभं असतं? तुम्ही. वर बसलेल्याला केबिनच्या उंचीमुळे दाराखालचा तुकडा दिसतही नाही. लंडनमध्ये 12 टनांवरच्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं यावर तारे देतात, पुरेसे तारे नसतील तर सुरक्षेची जादा साधनं बसवल्याशिवाय शहरात येऊ देत नाहीत, आणि 2024 मध्ये ती अट आणखी कडक केली. म्हणजे तिथल्या सरकारलाही कळलं की कधी कधी ड्रायव्हर खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसत नसतं. नाही, हे थट्टेत नको. त्या फटीत जाऊ नका. मागे थांबा. खरंच.

‘सायकलचे रस्ते तिकडे नेदरलँड्समध्ये असतात’ हे वाक्य मान खाली घालून ऐका. तो देश सपाट आहे म्हणून तसं झालं, असं मला एका टॅक्सीवाल्यानेच समजावलं होतं. 1971 मध्येही तो देश तितकाच सपाट होता. त्या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली, त्यांत 400 हून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. पण तो विषय काढू नका, मीटर चालू असतो.

आता बस. बस मागून आली की समजा, तुमचा सत्कार आहे. परवाचंच सांगतो. स्टॉप पुढे 40 मीटरवर होता. मला दिसत होता. दोन माणसं पिशव्या उचलून उभीही राहिली होती. बसवाल्यालाही दिसत असणार, कारण तो रोज तिथेच थांबतो. मी ताशी 18 किलोमीटरने चाललेलो, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. आठ सेकंदांत मी स्टॉप ओलांडून गेलो असतो आणि तो माझ्या मागोमाग थांबला असता. पण मागोमाग? सायकलच्या? त्याने हॉर्न दिला, वेग दुप्पट केला, माझ्या शेजारी आला आणि अर्धी बस पुढे, अर्धी बाजूला असतानाच कट मारला. 12 मीटरची बस आत घेतली की काय होतं ते शेजारी असल्याशिवाय कळत नाही. भिंत सरकत येते. आधी रस्त्याची पट्टी जाते, मग वाळू, मग जाळी, मग कठडा. माझं पुढचं चाक कठड्याला लागलं, पॅडल नडगीवर बसलं आणि मी त्याच्या पत्र्यावर थाप मारली. मारायला नको होती, असं नंतर लोक म्हणाले. मला तर दुसरा हात मोकळा नव्हता याचंच वाईट वाटलं.

आणि मग त्याने खिडकी सरकवली. पिशव्यावाली दोन माणसं बंद दारासमोर उभी, आतले प्रवासी घड्याळ बघतायत, आणि हा अर्धा मिनिट मला माझ्या घराबद्दल, डोळ्यांबद्दल आणि रस्ता कुणाच्या बापाचा आहे याबद्दल विचारतोय. चार सेकंद वाचवले होते ना, ते आता खर्चायला हवेत! त्यानंतर प्रवासी चढेपर्यंत मी पुढे निघालो, मग त्याने मला परत गाठलं, परत कट मारला, आणि पुढच्या लाल सिग्नलला मी पुन्हा त्याच्याच खिडकीखाली. दोघेही एकाच वेळी पोचलो. तीन किलोमीटर हा खेळ चालला. शेवटी वळण आलं आणि तो गेला.

तू मला अरे-तुरे केलंस, म्हणून मीही करतो. तू थकतोस, मान्य. युरोपात ट्रकवाल्याला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, कारण थकलेला माणूस चुकतो. तुझं वेळापत्रक तू लिहिलेलं नाहीस, आणि ते लिहिणारा माणूस कधी गर्दीच्या वेळी स्टिअरिंगमागे बसला नसणार. लघवीला जायला वेळ मिळत नाही, हेही ऐकून आहे. त्यासाठी मी तुझ्या बाजूने भांडेन. पण परवा तू चुकला नव्हतास. तुला न दिसण्याची भानगडच नव्हती. कट मारायच्या आधी तू आरशात बघितलंस आणि आरशात मला तुझे डोळे दिसले. माझ्या अंगावर भडक पिवळं जाकीट होतं. तू मला बघितलंस, हिशेब केलास आणि ठरवलंस की हा ब्रेक मारेल. माझा ब्रेक तू वापरलास. तो लागला नसता तर?

मला सायकल चालवायचा पगार मिळत नाही. जमेल तशी चालवतो, कधी चुकतोही. तुला चालवण्याचाच पगार मिळतो. वजन तुझं, उंची तुझी, सराव तुझा, आणि शहाणपण तेवढं माझ्याकडून पाहिजे? माझं वजन सायकलसकट 90 किलो, तुझं भरल्या बसचं 15 टनांच्या पुढे. आपली टक्कर हा अपघात असेल तो माझ्यासाठी. तुझ्या पत्र्यावर ओरखडा येईल.

आणि सिग्नल तोडून, उलट्या दिशेने, अंधारात बिनदिव्याने जाणारे जे माझे भाऊबंद आहेत, त्यांनीही हसू नये. तुमच्या नावाच्या शिव्या मी रोज खातो. सेलला किती पैसे पडतात रे?

हो, घरी सांगून आलो होतो. संध्याकाळी येतो म्हणून. उद्याही त्याच रस्त्याने येणार आहे, त्याच वेळी. आरशात दिसलो की मागे थांब. चार सेकंद.