निर्णय झालाच आहे, आता विचार करू

घरातले वीस वर्षांचे स्टिरिओ स्पीकर बदलावेत की नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन. हा प्रश्न ज्याला पडतो त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. उरते एवढेच की तो निर्णय घरच्यांना आणि जमल्यास स्वतःलाही काटकसरीतून, नाइलाजाने आणि पूर्ण विचारान्ती घेतल्यासारखा दिसला पाहिजे. या नाजूक कामी थोडे मार्गदर्शन करावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वूफरवरची, म्हणजे पेटीतल्या खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्यावरची, जाळी चुकूनही काढू नका. जाळीमागे कागदी पडद्याला लोखंडी चौकटीशी जोडणारी एक मऊ कडा असते आणि ती फोमची असेल, तर साधारण दहा ते वीस वर्षांत हवेनेच कुजते. तुम्ही कुतूहलाने बोट लावाल, बोटाला काळा चिकट भुगा लागेल, कडेला पडलेली चीर दिसेल, आणि गेली दोन वर्षे खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला जी फडफड ऐकू येते तिचे मूळ कळून येईल. इथे सगळा बेत फसतो. कारण त्या मापाची नवी कडा विकत मिळते, जुनी खरवडून नवी चिकटवायला एखादी दुपार पुरते, आणि खर्च नव्या स्पीकरांच्या मानाने इतका किरकोळ असतो की त्याला अपग्रेड म्हणण्याची सोय राहत नाही. कडा रबराची निघाली तर पंचाईत आणखी मोठी, कारण ती बहुधा शाबूत असते आणि तुमच्याकडे तक्रारीला जागाच उरत नाही.

स्पीकरच्या पाठीमागेही डोकावू नका. तिथे एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी असतात, आणि दोहोंपैकी एकाच स्पीकरला त्या उलट्या लागल्या असतील, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधोमध उभा असायला हवा तो गायक खोलीभर पसरतो. प्रस्तुत लेखकाने अशा अवस्थेत सहा वर्षे काढली असून, त्या काळात 'आता या स्पीकरांत पूर्वीचा दम राहिला नाही' हे वाक्य पाहुण्यांसमोर अनेकदा आणि मोठ्या जाणकारीने उच्चारले आहे. पुढे एकदा वायरी ॲम्प्लिफायरमधून काढून त्यांची टोके दीड व्होल्टच्या साध्या सेलला क्षणभर टेकवली, तेव्हा डावा वूफर बाहेर उसळला आणि उजवा आत गेला. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर दम परत आला. नवे स्पीकर घेण्याची संधी मात्र कायमची हुकली, म्हणून ही चूक तुमच्या हातून होऊ नये अशी इच्छा आहे.

स्पीकर आहेत त्या जागेवरून हलवणे हेही तितकेच घातक. एक कोपऱ्यात भिंतीला टेकलेला आणि दुसरा कपाटावर चढवलेला असेल, तर ती मांडणी जपून ठेवा. भिंती आणि कोपरे खर्ज फुगवतात, त्यामुळे आवाज घुमतो. तार स्वर वाजवणारा छोटा ट्वीटर कानाच्या पातळीच्या फार वर गेला की त्या स्वरांतला बारकावा हरवतो. दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणून, त्यांच्यात जितके अंतर तितक्याच अंतरावर स्वतःची खुर्ची ठेवली, तर अर्ध्या तासात आणि एक पैही न खर्चता आवाज बदलतो. एवढ्यासाठी का आपण पैसे साठवले? दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी स्टिरिओ नसावा, नाहीतर तो ती इतक्या तुच्छतेने म्हणाला नसता.

आता तुलनेचे तंत्र. नवे आणि जुने स्पीकर शेजारी ठेवून ऐकताना आवाजाची पातळी कधीही सारखी करू नका. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असला, तरी कान तो 'मोठा आवाज' असा न नोंदवता 'अधिक स्पष्ट, अधिक जिवंत' असा नोंदवतो, आणि ही कानाची दुर्बलता तुमच्या फार उपयोगी आहे. जुन्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती मोठा वाजतो याचे माप, ८५ डेसिबल आणि नव्याची ८८ असेल, तर ॲम्प्लिफायरचे बटण न हलवता नवा स्पीकर दुप्पट वॅट दिल्यासारखा वाजतो. निकाल तिथेच लागला. डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्या कोणाला स्पीकर बदलायला सांगण्याचा आगाऊपणा तर मुळीच करू नका, कारण डोळ्यांना नवी चकचकीत पेटी दिसत असताना कान सहसा विरोधात जात नाहीत.

माहितीपत्रकातला वॅटचा आकडाही असाच भक्तिभावाने वाचावा. पन्नासाचे शंभर वॅट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते, हे गणित घरच्यांपासून लपवून ठेवा. २०,००० हर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे अगदी वरच्या स्वरांपर्यंतच्या, वाजण्याची हमी असेल तर ती आवर्जून मोठ्याने वाचून दाखवा. पन्नाशीतल्या बहुतेक कानांना त्याच्या कितीतरी खालीच ऐकू येणे थांबलेले असते, पण हा विषय निघाला तर पाणी प्यायला उठावे.

'तंत्रज्ञान किती पुढे गेले आहे' हे विधान कोणत्याही वादात कामी येते. चुंबकात तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू, ही मूळ रचना राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक स्पीकरांत तीच आहे, ही गोष्ट अर्थातच सांगायची नाही. न्यायबुद्धीने कबूल करायला हवे, की संगणकावरच्या मोजमापामुळे स्वस्तातले नवे स्पीकरही पूर्वीपेक्षा पुष्कळ समतोल वाजतात. मात्र लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा नियम बजेटमधल्या सुबक पेटीलाही सुटलेला नाही. तेव्हा तुमच्या जुन्या, अवजड, जागा अडवणाऱ्या पेटीची तक्रार करताना तिच्या आकाराविषयी बोला, खर्जाविषयी नको.

कधीकधी स्पीकर खरोखरच संपलेले असतात. पडदा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर आत वेटोळे खरखरते, ट्वीटर जळलेला आहे, तसा सुटा भाग कुठे मिळत नाही, पेटी ओलीने फुगली आहे. अशा वेळी नवे घ्यावेत, हे कोणीही सांगेल आणि म्हणूनच त्यात काही गंमत नाही.

राहिले बजेट. ते आधी ठरवून त्यात बसणारे स्पीकर शोधणे हा उलटा मार्ग झाला. स्पीकर पसंत करावेत, मग ते चार ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) आहेत आणि आपला ॲम्प्लिफायर आठ ओहमपेक्षा खाली चालत नाही हे घरी आल्यावर पाहावे, म्हणजे ॲम्प्लिफायरचा खर्च आपोआप अपरिहार्य ठरतो. मग स्टँड, मग वायर. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरीचा पाच मीटर अंतरावर जाऊन-येऊन विरोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे असून नसल्यासारखा. पण इतके झाल्यावर वायरीपाशी हात आखडणे शोभत नाही.

शेवटी जुने स्पीकर कोणाला तरी द्यावे लागतील. ते हातात स्क्रूड्रायव्हर धरू शकणाऱ्या भाच्याला मात्र देऊ नका. तो रविवारी फोमची कडा बदलेल, क्रॉसओव्हरमधले, म्हणजे खर्ज आणि तार स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले, सुकलेले कपॅसिटर काढून नवे घालेल, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला मोठ्या प्रेमाने ऐकायला बोलावेल. जाणे टळलेच नाही, तर मधली खुर्ची घेऊ नका. दाराजवळ बसा, आणि चहा झाला की निघा.