वाचनालयात कसर

आमच्या घराण्यात मी एकटाच ‘आयटीत’ आहे. आयटीत म्हणजे नेमकं कुठं, हे घराण्याने कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. विम्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारखेच्या रकान्यात उद्याची तारीख टाकली तर काय होतं, हे बघण्याचा मला पगार मिळतो. पण कुणाचा टीव्ही रुसला, कुणाचे यूपीआयचे पैसे मधेच लटकले, की फोन मला येतो. जून २०२४ मध्ये अण्णांचा आला तो असाच.

अण्णा माझे चुलते. निवृत्त शिक्षक आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह. वाचनालय तालुका ‘ब’ वर्ग, पुस्तकं अठरा हजारांच्या आसपास आणि एक वेबसाइट. पुस्तकाचं नाव टाकलं की ते कपाटात आहे की कुणाच्या घरी अडकलंय हे त्यात कळतं, किंवा कळायला हवं. साइट होती सामायिक होस्टिंगवर. सामायिक होस्टिंग म्हणजे चाळीतला नळ. शेजाऱ्याने पिंप लावलं की आपली धार बारीक. म्हणून कार्यकारिणीने ठराव केला की वाचनालयासाठी स्वतंत्र सर्व्हर (साइट सांभाळणारा, सदैव चालू असणारा संगणक) भाड्याने घ्यावा व ते काम चि. अमुक यांच्याकडे सोपवावे. माझं वय त्रेचाळीस. पण ठरावात ‘चि.’ होतं आणि ठराव एकमताने संमत झाला होता.

सर्व्हर भाड्याने घेणं ही तशी पाच मिनिटांची गोष्ट. मेमरी किती? एक जीबी, परवडते तेवढी. ठिकाण? भारतात. पैसे? भरले. आणि मग एक पान उघडलं. त्यावर आठ-दहा गोंडस चिन्हं आणि वर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टीम निवडा.

या ओळीसमोर मी अकरा दिवस बसलो होतो.

पहिल्या दिवशी मी ऑफिसातल्या जाणकारांना विचारलं, ही चूक झाली. चहाच्या मशीनपाशी ‘सर्व्हरला कुठली ओएस टाकू?’ असं म्हणणं म्हणजे पुण्यात चारचौघांत ‘मिसळ कुठली चांगली?’ म्हणण्यासारखं आहे. उत्तर एकही मिळत नाही, पण संध्याकाळ जाते.

लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचे बरेच अवतार आहेत, उबुंटू त्यांतला एक. उबुंटूवाला म्हणाला, यात विचार कसला करायचा? सगळं जग तेच टाकतं. आवृत्तीच्या नावातच साल आणि महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. एलटीएस, म्हणजे लांब पाठिंब्याची आवृत्ती घे, पाच वर्षं बघायला नको. शिवाय प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचं नाव असतं आणि त्याला त्याच अक्षराचं विशेषण. या वेळचा ‘नोबल नम्बॅट’. हे नम्बॅट प्रकरण पुढे माझ्यावर शेकणार होतं, पण तेव्हा मी नुसती मान डोलावली.

त्याच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थाने एक शब्दही न बोलता डबा उघडला. त्यात शिरा होता. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्सच्या दुसऱ्या अवताराची मुदत संपली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. ‘तेराव्याचं समजा,’ तो म्हणाला. पुण्याची जुनी माणसं जशी पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर असा काळ मोजतात, तसा हा माणूस डिसेंबर २०२० वरून मोजतो. सेंटओएस ८ ही २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर चढवले होते, आणि त्या डिसेंबरात जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीस बंद. म्हणजे आठ वर्षं एका कागदावर वाहून गेली. मग त्याच जागी रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स अशा दोन वसाहती उभ्या राहिल्या. तो आता रॉकीत राहतो, पण सामान पूर्ण सोडलेलं नाही.

तिसरा फ्रीबीएसडीवाला. ‘हे लिनक्स नाही,’ हे तो कुणी न विचारता सांगतो, हापूसवाला ‘हा कर्नाटकी नाही’ म्हणतो त्याच सुरात. वंशावळ थेट बर्कली विद्यापीठापर्यंत पोचते म्हणाला. बोधचिन्ह मात्र लाल सैतान, हातात त्रिशूळ आणि पायांत बूट. पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रॅमला ‘डीमन’ म्हणतात, त्यावरून. मी अण्णांना चित्र पाठवलं. अण्णा म्हणाले, ‘कार्यकारिणीत एक आहे तेवढा पुरे.’

खजिनदारांचं म्हणणं सरळ होतं: ऑफिसात विंडोज आहे, तिकडेही विंडोजच टाका, टॅलीची सवय आहे. त्याला परवान्याचे दरमहा वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर त्यांनी अशी काही मान हलवली, जणू जन्मापासून लिनक्सचेच पुरस्कर्ते.

राहिला डेबियन. डेबियनवाला आमच्या मजल्यावर एकच आहे आणि तो आग्रह करत नाही. ‘टाकायचं तर टाका,’ एवढंच म्हणतो. हे मला आवडलं. मी घरी येऊन वाचायला लागलो. १९९३ साली इयन मरडॉक नावाच्या विद्यार्थ्याने ही सुरू केली आणि नाव ठेवलं ते मैत्रिणीच्या आणि स्वतःच्या नावाचं: डेब्रा अधिक इयन. म्हणजे आपल्याकडे विनायक आणि अनिता मिळून बंगल्यावर ‘विनिता’ लागतं तसं. पुढे लग्न झालं, नंतर घटस्फोटही झाला, पण पाटी कुणी बदलली नाही. अण्णा म्हणाले, ‘पाटी बदलायला गेलं की देणगीदार कोर्टात जातात. बरोबर केलं त्यांनी.’

डेबियनच्या आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांवरून ठेवतात. बझ, वुडी, रेक्स, सगळे होऊन गेले. जी आवृत्ती कायम अर्धवट आणि अस्थिर असते तिचं नाव सिड. शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. आणि त्या दिवसांत चालू असलेली बारावी आवृत्ती, जून २०२३ ला आलेली, तिचं नाव बुकवर्म. टॉर्चवाला हिरवा किडा.

बुकवर्म! वाचनालयाला! अकरा दिवस मी मेमरीचा वापर, पॅकेजांची संख्या, पाठिंब्याची मुदत यांचे तक्ते करत होतो आणि निर्णय झाला तो असा, नावावरून. तक्ते मी नंतर निर्णयाला जुळवून घेतले. (ही पद्धत मी ऑफिसातच शिकलो.) उत्साहाने अण्णांना फोन केला.

‘बुकवर्म म्हणजे?’

‘म्हणजे पुस्तकातला किडा, अण्णा.’

पलीकडे बराच वेळ शांतता.

‘अरे, तीस वर्षं मी कपाटात डांबरगोळ्या घालतोय. कसर लागून चरित्रांचा एक अख्खा खण गेला. आणि तू पैसे देऊन किडा आणतोस?’

मी समजावलं. नाव आहे नुसतं. तीस वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाला नाव नुसतं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. संदर्भ विभागातला प्राण्यांचा कोश त्यांनी उघडला होता. ‘तो दुसरा, नम्बॅट. काय खातो ठाऊक आहे?’

मला ठाऊक नव्हतं.

‘वाळवी! ऑस्ट्रेलियात असतो आणि वाळवीवरच जगतो. वाळवी खाणारा समोर होता, तो सोडून तू कसर घरात घेतलीस.’

यावर कुठल्याही तक्त्यात उत्तर नव्हतं. पण तोवर मी बटण दाबलं होतं.

सर्व्हर मिनिटभरात तयार झाला. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. काळा पडदा, त्यावर एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ. ‘चालू झालं की बोलव,’ अण्णा म्हणाले. ‘हे चालूच आहे,’ मी म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून वावरू नये, आपल्या नावाचा वापरकर्ता करावा, एवढं मी वाचलं होतं. तो करून पहिल्यांदा ‘सूडू’ ही रूटचा अधिकार उसना देणारी आज्ञा वापरली, तर पडद्यावर उपदेश उमटला: इतरांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. अण्णांनी तो दोनदा वाचायला लावला आणि वहीत उतरवून घेतला. वार्षिक सभेला उपयोगी पडेल म्हणाले.

मग कोण कोण आत शिरायला बघतंय याच्या नोंदी मी सहज बघायच्या ठरवल्या. जुन्या मार्गदर्शिकांत ‘ऑथ डॉट लॉग’ नावाची फाइल उघडा असं लिहिलेलं असतं. माझ्या सर्व्हरवर ती फाइलच नाही. तासभर शोधल्यावर कळलं की बुकवर्मपासून ती फाइल लिहिणारा आर-सिसलॉग आपोआप येत नाही. सगळ्या नोंदी ‘जर्नल’मध्ये जातात. जर्नल उघडलं आणि घाम फुटला. सर्व्हर जन्मून दोन तास झाले नव्हते, पत्ता मी बायकोलाही सांगितला नव्हता आणि जगभरातून कोण कोण दार ठोठावत होतं. रूट म्हणून, ॲडमिन म्हणून, टेस्ट म्हणून, ओरॅकल म्हणून. अण्णांना सांगितलं. ‘इतकी माणसं आपल्याकडे सकाळी पेपर वाचायला येत नाहीत,’ ते म्हणाले. आवाजात काळजीपेक्षा थोडा अभिमानच होता.

अशा आगंतुकांना हाकलायला ‘फेल-टू-बॅन’ नावाचा रखवालदार असतो. बसवला. उठेचना. का, तर त्याला कामासाठी तीच ऑथ डॉट लॉग फाइल हवी होती. हजेरीपुस्तक नाही म्हणून रखवालदार कामावर हजर होत नाही, हे मला आपल्या कुठल्याही कार्यालयात खपलं असतं, इथं अपेक्षित नव्हतं. मी वैतागलो. रात्रीचा दीड वाजला होता. म्हटलं, सरळ फायरवॉलच, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणारी भिंतच लावतो. यूएफडब्ल्यू बसवला आणि इनेबल केलं. त्याने विचारलं, यामुळे चालू एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची वाट) जोडण्यांत अडथळा येऊ शकतो, पुढे जायचं का? मी वाय दाबलं. काही झालं नाही. समाधानाने बाहेर पडलो, पाणी प्यायलो, परत आलो आणि आत जाईना.

कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला बनियनवर यावं आणि मागे वाऱ्याने लॅच लागावं. किल्ली आत, गॅसवर दूध, जिन्यात आपण. अगदी तसं. सगळ्या जगाला बंदी करताना बावीस नंबरच्या पोर्टातून, म्हणजे एसएसएचच्या दारातून, मला आत येऊ दे, हे सांगायचं मी विसरलो होतो. फायरवॉलचा यात काडीचा दोष नाही. तो तर विचारूनही गेला होता.

अशा वेळी ब्राउझरमधून उघडणारं एक मागचं दार असतं. तिथं पासवर्ड चिकटवता येत नाही, हाताने टाइप करावा लागतो. माझा पासवर्ड वीस अक्षरांचा, मीच मोठ्या सुरक्षित वृत्तीने यंत्राकडून बनवून घेतलेला. त्यात एल होता, आय होता की एक होता, हे त्या अक्षरांच्या वळणात कळेना. पाच वेळा चुकलो. शेवटी सर्व्हर पुसून नवा बसवला. नव्यात शिरायला गेलो तर माझ्याच लॅपटॉपने मोठ्या अक्षरांत बोंब ठोकली की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणीतरी काहीतरी ओंगळ उद्योग करत असण्याची शक्यता आहे. शक्यता कसली, मीच करत होतो.

दुसऱ्या वेळी सगळं भराभर झालं. आधी बावीसची परवानगी, मग फायरवॉल. रखवालदाराला जर्नल वाचायला शिकवणारी एक ओळ लिहिली, तो निमूट उठला. पानं पुरवणारा एन्जिनएक्स, डेटाबेस सांभाळणारी मारियाडीबी, साइटच्या सुरक्षित जोडणीचं नव्वद दिवसांचं मोफत प्रमाणपत्र आणि ते आपोआप वाढवणारी सोय, हे सारं एका रविवारच्या दुपारी. मग अठरा हजार पुस्तकांची यादी आत चढवायला घेतली आणि नऊ हजारांवर डेटाबेस मेला. पुन्हा चढवली, पुन्हा मेला. एक जीबी मेमरीत जागा संपली की लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, चालू प्रोग्रॅमांपैकी कुणालातरी उठवतं आणि सहसा जो सगळ्यांत जास्त खातो त्यालाच. पंगतीत वाढप कमी पडलं की भरल्या पानावरच्या भीमाला उठवायचं, असा हिशेब. डिस्कवर दोन जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरीला जोड, टाकली तेव्हा पंगत उरकली.

साइट सुरू झाली. सकाळी नऊला अण्णांचा फोन. ‘वाचनालय आठला उघडलंय, मी आत बसलोय आणि साइट म्हणते बंद आहे.’ साइट दुपारी दीडला उघडायची. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आपल्याहून साडेपाच तास मागे. ‘दुपारी एक ते चार बंद हे समजू शकतो,’ अण्णा म्हणाले, ‘पण दीडला उघडायचं हे कुठल्या गावचं?’ आशिया-कोलकाता अशी एक आज्ञा दिली आणि वाचनालय वेळेवर उघडू लागलं.

त्यानंतर तक्रार अशी नाही. वाचक पुस्तक शोधतात, सापडतं. मुखपृष्ठावरच्या इमारतीच्या फोटोचं सगळ्यांनी कौतुक केलं. फोटो खजिनदारांच्या मुलीने काढलाय. खालची डेबियन कुणाला दिसत नाही आणि दिसत नाही तोवरच ती बरी.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षण झालं. सर्व्हरच्या भाड्याच्या पावत्यांवर खजिनदारांनी स्वच्छ अक्षरात दरमहा लिहिलं होतं: ‘बुकवर्म १२, मासिक’. लेखापरीक्षकांनी कशासाठी म्हणून विचारलं. खजिनदार म्हणाले, ‘पुस्तकातला किडा.’ त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि सगळी रक्कम ‘कीटकनाशक फवारणी’ या शीर्षाखाली टाकली. दुरुस्ती सुचवायला मी फोन केला तर अण्णांनी मला गप्प केलं. त्या शीर्षाखाली तरतूद शिल्लक होती.