गावठी अंडी, गार पाण्याची जुनी पद्धत आणि न सुटणारे टरफल : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

उकडलेल्या अंड्यांवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि काहीशी नाराजीची प्रतिक्रिया लिहिली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : शागोतीसाठी, म्हणजे आपल्या गोव्याच्या मसालेदार रश्शासाठी, आपण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी अंडी आणली, दुसऱ्याच दिवशी ती लेखात सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यात सोडली, तर काही तडकली आणि उरलेल्यांचे टरफल पांढऱ्या भागाचे लचके घेऊनच निघाले. आपल्या आई मात्र नेहमी गार पाण्यात मीठ घालून अंडी चुलीवर ठेवत आणि ती सुरेख सुटत. शिवाय थोडी जुनी अंडी वापरावीत हा लेखातला सल्ला गोव्याच्या हवेत धोक्याचा आहे, असेही आपण बजावले आहे. तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, आणि माझ्या मते तिन्हींचे मूळ एकच आहे : अंड्याचे वय.

कोंबडीने नुकत्याच घातलेल्या अंड्यातल्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्यामुळे त्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) ७.६ च्या आसपास राहतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हा वायू हळूहळू बाहेर पडतो, पांढरा भाग अधिकाधिक अल्कधर्मी होत जातो आणि काही दिवसांत पीएच ९ च्या वर पोचतो. हा फरक सोलताना निर्णायक ठरतो. पीएच कमी असताना उकडले, तर पांढऱ्यातली प्रथिने गोठता गोठता टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतात. पीएच वाढलेला असेल तर ही पकड सैल राहते. आपण बाजारातून आणलेली अंडी घालून एक-दोन दिवसच झाले असावेत. ताजेपणासाठी आपण त्यांची निवड केली, आणि त्याच ताजेपणाने सोलताना अडवले.

आपल्या आईंच्या पद्धतीकडे मी याच दृष्टीने पाहतो. घरच्या दोन-चार कोंबड्या एका दिवसात शागोतीपुरती अंडी देत नाहीत. ती रोज एखाद-दुसरे करून जमवावी लागतात, तांदळाच्या किंवा कोंड्याच्या डब्यात जपून ठेवावी लागतात, आणि भांडे चुलीवर चढेपर्यंत त्यांतली बहुतेक चांगली आठवडाभराची झालेली असतात. गोव्यातल्या उष्ण हवेत अंड्याचे वय फ्रिजपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, हेही त्यात धरायला हवे. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांचेही तसेच. ती बेळगावकडून किंवा त्याहून लांबून घाट उतरून येतात, घाऊक व्यापाऱ्याकडे आणि दुकानात थांबतात, आणि आपल्या हाती पडेपर्यंत काही दिवस उलटून गेलेले असतात. अशा अंड्याला गार पाण्यापासून उकडले तरी ते बहुधा सुटते. आपल्या आईंच्या हाताला मी उणे लेखत नाही. त्यांना यश देणारी गोष्ट पाणी किंवा मीठ नसून तो डबा होता, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता उकळत्या पाण्याविषयी. अंडे सावकाश तापले, तर पांढऱ्यातल्या प्रथिनांना पापुद्र्याशी जुळायला सवड मिळते. एकदम तीव्र आच लागली, तर बाहेरचा थर झटकन गोठून आपल्यातच आवळला जातो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. म्हणून ताज्या अंड्यासाठी तर गरम सुरुवात जास्तच आवश्यक असते. आपल्या घरी ती पूर्णपणे साधली नसावी, असे मला वाटते, कारण लहान पातेल्यात बेताचे पाणी असेल आणि त्यात फ्रिजमधली डझनभर अंडी एकदम पडली, तर पाण्याची उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत अंडी पुन्हा सावकाशच तापत राहतात. तडकण्याचे कारणही बहुतेक वेळा पिशवीतून येताना पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा आणि खळखळत्या पाण्यात अंड्यांनी एकमेकांवर आपटणे, हे असते. झाऱ्यावर ठेवून ती एकेक करून अलगद सोडावीत आणि मग आच किंचित उतरवावी.

तरीही गावठी, ताज्या अंड्यांसाठी माझी पसंती पाण्याऐवजी वाफेला आहे. आपल्याकडे मोदकपात्र असतेच. त्यात दोन बोटे पाणी घालून ते खळखळा उकळू द्यावे, भरपूर वाफ धरली की चाळणीवर अंडी एका थरात मांडावीत आणि झाकण घट्ट लावावे. वाफ गार टरफलावर निवताना आपली उष्णता तिथल्या तिथे देऊन टाकते, अंडी घातल्याने उकळी फारशी मंदावत नाही आणि अंडी जागची हलत नसल्यामुळे आपटण्याचाही प्रश्न राहत नाही. पोल्ट्रीच्या पन्नास-पंचावन्न ग्रॅमच्या अंड्याला १२ मिनिटे, त्याहून लहान गावठी अंड्याला १० मिनिटे पुरतात. काही जण प्रेशर कुकर सुचवतात. त्यात टरफल सुटते हे खरे, पण पांढरे रबरासारखे चिवट होते आणि बलकाभोवती हिरवट कडे येते. शागोतीसारख्या पदार्थात अंडे रश्शात पुन्हा शिजणार असते, त्यामुळे ते आधीच इतके शिजवू नये, असे माझे ठाम मत आहे.

मीठ, व्हिनेगर आणि सोड्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मिठाने आणि व्हिनेगरने चिरेतून बाहेर आलेले पांढरे लवकर गोठते आणि पाणी गढूळ होत नाही. तडकणाऱ्या अंड्यांसाठी हा उपयोग खरा आहे, मात्र सोलण्याशी त्याचा संबंध नाही. खाण्याचा सोडा पाण्याला अल्कधर्मी करतो, परंतु दहा-बारा मिनिटांत त्यातला फारसा परिणाम टरफलातून आत पोचत नाही, उलट गंधकाचा वास मात्र वाढू शकतो.

धोक्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून तो स्पष्ट करतो. अंडी जुनी करायची म्हणजे ओट्यावर उष्म्यात ठेवायची, असे माझे म्हणणे मुळीच नाही. साल्मोनेलासारखे जंतू उबेत झपाट्याने वाढतात, आणि मे महिन्यातले किंवा पावसाळ्यातले आपले स्वयंपाकघर त्यांना फारच मानवते. अंडी आणली की फ्रिजमध्ये ठेवावीत आणि आठवडा-दहा दिवसांनी उकडायला घ्यावीत. फ्रिजच्या थंडीतही अंड्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच असतो, फक्त संथपणे. गावठी अंड्यांना घाण लागलेली असली तरी ती ठेवण्यापूर्वी धुऊ नयेत, कारण धुतल्याने टरफलावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते. उकडण्याच्या वेळीच धुवावीत. पाण्यात सोडल्यावर तळाशी आडवे पडणारे अंडे ताजे, रुंद टोक वर करून उभे राहणारे जुने पण वापरण्याजोगे, आणि तरंगणारे टाकून द्यावे. ही परीक्षा आतल्या हवेच्या पोकळीची असते, जंतूंची नव्हे, त्यामुळे वासाने शंका आली तर अंडे उभे राहिले तरी वापरू नये. उकडलेली अंडीही आपल्या हवेत तासाभराहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत. फ्रिजमध्ये टरफलासकट ती आठवडाभर राहतात.

वाफेतून काढल्याबरोबर अंडी गार पाण्यात टाकावीत. उन्हाळ्यात छपरावरच्या टाकीचे पाणी नळातून कोमटच येते, म्हणून त्यात बर्फ हवाच. याने शिजण्याची क्रिया थांबते आणि हिरवट कड्याची शक्यता कमी होते. दहा मिनिटांनी अंडे ओट्यावर हलके आपटून सगळीकडे बारीक तडे पाडावेत आणि सोलायला रुंद टोकाकडून सुरुवात करावी. तिथे हवेची पोकळी असते, बाहेरचा आणि आतला असे दोन्ही पापुद्रे तिथे एकमेकांपासून वेगळे झालेले असतात, आणि टरफलाचा पहिला तुकडा काढल्यावर आतला पातळ, ओलसर, चकाकणारा पापुद्रा स्वच्छ दिसतो. अंगठ्याचे टोक त्याच्या खाली गेले पाहिजे. तो वरच राहिला, तर टरफल निघाल्यासारखे दिसते, पण पापुद्रा अंड्यालाच चिकटून राहतो आणि मग तो ओरबाडताना पांढरे फाटते. एकदा अंगठा त्याच्या खाली सरकला की वाहत्या पाण्याखाली पापुद्र्यासकट टरफल मोठ्या पट्ट्यांनी उतरते.

आपल्याजवळ उरलेली ताजी अंडी लगेचच शागोतीत घालायची असतील आणि वाट पाहायला वेळ नसेल, तर ती वाफवून, पूर्ण गार करून टरफलासकट धारदार सुरीने मधोमध कापावीत आणि पातळ चमचा कडेने आत घालून अर्धी-अर्धी उचलून घ्यावीत. अशा अर्ध्या भागांत मसाला बलकापर्यंत पोचतो. मात्र बलक रश्शात सुटू नये म्हणून भांडे आचेवरून उतरवल्यानंतरच ते वरून रचावेत आणि त्यानंतर रस्सा ढवळू नये.