लोकेशन मागण्याआधी डोंगराची दुसरी बाजू बघा

हरिहरच्या पायऱ्या, पहिनेचा धबधबा, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त. पावसाळा लागला की नाशिकच्या प्रत्येक ग्रुपवर हेच फोटो फिरतात आणि खाली ठरलेली कमेंट येते, "भाऊ, नवीन लोकेशन टाक ना." स्पष्टच सांगतो, पिन मागून नवी जागा मिळत नाही. पिन तुमच्यापर्यंत पोचली म्हणजे तिथे आधीच रांग लागलेली असते. जिल्ह्यात जागा कमी नाहीत, आपण सगळे एकाच बाजूने बघतो.

सातमाळ या डोंगररांगेचंच घ्या. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप करत ती चांदवडपर्यंत साधारण पश्चिम-पूर्व जाते. बहुतेक फोटो दिंडोरी-वणी-चांदवडच्या अंगाने, म्हणजे दक्षिणेकडून काढलेले, कारण गाडीरस्ता तिथून सोयीचा. हिवाळ्यात ते बरोबरही आहे. दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजली (पूर्व ९०, पश्चिम २७०), तर डिसेंबरात आपल्याकडे सूर्य ११५ अंशांवर उगवतो आणि २४५ वर मावळतो, दोन्ही वेळा दक्षिणेच्या कातळावर तिरका उजेड पडतो. जूनमध्ये तो ६५ वर उगवून २९५ वर मावळतो. तेव्हा उगवती-मावळतीला दक्षिण बाजू काळी पडते आणि उजेड जातो कळवण-अभोण्याच्या बाजूला. मेचा शेवट आणि जूनचे कोरडे दिवस तिकडे घालवा. ट्रायपॉड लावायला गर्दी नसते.

नेमकी जागा घरबसल्या शोधता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात. जिथे त्या एकमेकींना चिकटल्यात तिथे कातळकडा. तिथून ३ ते ५ किलोमीटरवर, भोवतालच्या शेतांपेक्षा शंभरेक मीटर उंच आणि कच्चा रस्ता जवळून जाणारं टेकाड शोधा. मग गूगल अर्थमध्ये त्या टेकाडावर 'उभं राहून' बघा. तिथे कडे वितळल्यासारखे दिसतात, ते मनावर घेऊ नका. विजेच्या तारा मात्र त्यात दिसत नाहीत आणि निम्म्या फ्रेम त्याच मारतात, म्हणून एक फेरी भरदुपारी मारून यायची. अशा जागी लांबचं जवळ आणणारी ७०-२०० एमएमची लेन्स. सोळा एमएमच्या रुंद लेन्सने धोडपसुद्धा ढेकळाएवढा दिसतो.

सर्वात जास्त फसगत वेळेची होते. अ‍ॅप सूर्योदयाची जी वेळ देतं ती सपाट क्षितिजाची. पूर्वेला दोन किलोमीटरवर ६०० मीटर उंच धार असेल तर ती साधारण १७ अंश वर उभी असते. सूर्य आपल्याकडे सकाळी तासाला तेराएक अंश चढतो. म्हणजे तुमच्या खोऱ्यात ऊन सव्वा तासाने येणार, आणि तोवर त्यातला सोनेरीपणा गेलेला. अशा खोऱ्यात पहाटे जाऊच नका, संध्याकाळ धरा.

मनमाडजवळच्या हडबीची शेंडी या सुळक्यामागे पौर्णिमेचा चंद्र आणायचा असेल तर तोच हिशेब बारीक करावा लागतो. चंद्र अर्ध्या अंशाचा. तीन किलोमीटरवरून बघताना तुम्ही २६-२७ मीटर बाजूला सरकलात की तो सुळक्यापासून आपल्या एका रुंदीइतका हलतो. वर तो सरळ चढत नाही, उजवीकडे कलत चढतो. सुळक्याचा माथा क्षितिजापासून दोन अंश वर असेल तर तिथे पोचेपर्यंत चंद्र सुमारे पाऊण अंश उजवीकडे गेलेला असतो. म्हणून अ‍ॅपने उगवतीच्या दिशेवरून दाखवलेल्या जागेपासून ४० मीटर डावीकडे उभे राहा. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर जमिनीवरही थोडा उजेड मिळतो.

जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबकला ढग खाली उतरले की पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. तरी लोक तिकडेच धावतात! त्या दिवशी गाडी पूर्वेला घाला: चांदवड, मनमाड, येवला. पर्जन्यछायेत ढग फाटलेले असतात आणि शेतांवर उन्हाचे पट्टे पळत असतात.

मुकणे, भावली, करंजवण धरणांचं पाणी किती मागे गेलंय ते सेंटिनेल-२ च्या फुकट उपग्रह चित्रांत दिसतं. दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. पावसाळ्यात ढगांमुळे त्याचा उपयोग नाही. पाणी हटलेल्या गाळावर ट्रायपॉड उभा केलात तर लांब एक्स्पोजरमध्ये तो हळूहळू खचतो आणि फोटो हलतो. प्रत्येक पायाखाली चपटा दगड द्या. एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. बॅग डिकीत ठेवा.

द्राक्षबागा हिरव्या हव्यात तर नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलच्या खरड छाटणीत वेल पार खाली छाटतात, त्यानंतर काही दिवस नुसत्या काड्या उरतात. मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका, आणि फवारणी आज झाली का तेही विचारा. साल्हेर किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा तिथे गर्दी वाढणारच. त्याचा चढता त्रिकोण शेजारच्या सालोटा किल्ल्यावरून जास्त चांगला दिसतो. ड्रोनचं म्हणाल तर नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात तो बॅगेतून काढूच नका, आणि देवळाली-ओझरच्या आसपास उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून लाल पट्टा (परवानगीशिवाय उड्डाण बंद) कुठवर आहे ते बघा.